दहावा बॉट

सोमवार, ४ नोव्हेंबर
सकाळी कुडाळ स्टेशनला उतरले आणि एसटीने मालवण गाठलं. गोळीबाराचे ऑनलाइन गेम खेळणाऱ्या टीमच्या सरावाची तयारी करून द्यायची, ही माझी पहिली नोकरी. हॉल बाजारात, सुक्या मासळीच्या दुकानावर. खेळाडूंचे पाच कॉम्प्युटर, सहावा माझा. मालक आणि कोच गुरुदास सर. दुपारी त्यांनी स्वतः बांगड्याचं तिखलं वाढलं. पास्कल नावाचा खेळाडू "आकांक्षा, आणखी घे गो" म्हणत राहिला. इथे जमेल माझं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
काम सोपं आहे. गेममध्ये कन्सोल नावाची काळी चौकट उघडायची आणि आज्ञा टाइप करायच्या. घड्याळ थांबव. गोळ्या संपू देऊ नको. भिंतीवर प्रत्येक गोळीची खूण ठेव. मग नेम धरायला दहा बॉट सोडायचे, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो ती खोटी माणसं. शेवटी त्यांना जागच्या जागी गोठवायचं.
नऊ गोठले. एक चालत जाऊन पिंपांमागे बसला. डोक्यावर नाव होतं सोकोरो. काहीतरी बिघाड असावा.

बुधवार, ६ नोव्हेंबर
पास्कलला विचारलं. स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, "सोकोरो तुझ्या आधीचो. ह्याच खुर्चीर बसायचो. जूनमध्ये हयच गेलो."
इथेच, या खुर्चीत मेलेल्या माणसाचं नाव बॉटला कोणी दिलं, असं विचारलं. कोणीच नाही म्हणाला. आपोआप आलं.
"तो भियता. म्हणान सराव बरो होता."
पाचही जण बाकीचे नऊ सोडून त्यालाच शोधत होते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
आज गेमच्या चॅटमध्ये सोकोरोची ओळ आली. माका दुखता.
सगळ्यांनी वाचली. दोघं हसले. सर म्हणाले, मेला की त्याच क्षणी उभा राहील अशी आज्ञा दे. दिली. मीच दिली.
दोन तासांत तो चारशे बारा वेळा मेला. आकडा स्क्रीनवरच होता.
जेवण गेलं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर
सोकोरो लपला नाही. मैदानाच्या मधोमध उभा राहून गोळ्या खात होता. सर वैतागले. याची भीती मेली, म्हणाले, आता उपयोग नाही. उद्या काढून टाक.
इतकं हलकं वाटलं. आईला फोन केला, खूप दिवसांनी हसून बोलले.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
सकाळी अकराला त्याचं नाव घालून आज्ञा टाइप केली. जाण्याआधी त्याची ओळ आली. ऊठ गो थंयसून.
तिथून ऊठ, पण कुठून, ते तेव्हा कळलं नाही.
तो गेला. पण बॉटांची संख्या दहाला बांधलेली असते. एक काढला की गेम दुसरा भरतो. यादीत दहावं नाव आलं — आकांक्षा.
सर मागेच उभे होते. दचकले नाहीत. लांबचं माणूस मुद्दाम बघितलं, म्हणाले. इथलं कोणी असलं की घरचे विचारत येतात. मग त्यांनी दाराला आतून कडी घातली.

उठता येत नाही. पाय हलत नाहीत. उजवा हात माउसवरून निघत नाही, डाव्याने लिहितेय —

पास्कल माझ्याकडे बघत नाही. मी शेजारी बसलेय, आणि तो मला स्क्रीनवर शोधतोय —

जिन्याखाली लपले. म्हणजे स्क्रीनवरची ती. पण फरशीचा गारवा मला —

पहिली गोळी खांद्यात. रक्त नाही. दुखतंय —

सर वाकून माझ्या कीबोर्डवर टाइप करतायत. लगेच उभी राहील ती आज्ञा —

परत —

परत. पास्कल, नको रे, मी इथेच बसलेय, तुझ्या शेजा