हाफटाइमचं कोकम

हवल्ली, कुवेत
२४ जून १९८५

तीर्थरूप शत्रुघ्नदादांस, हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, तरी पूर्ण समजावा). तुमचा दमा, वहिनींचे गुडघे आणि म्हशीचं दूध ताळ्यावर असेलच.

गेल्या सुट्टीत तुम्ही ओसरीवर चारचौघांत म्हणालात की चेंडू गोळा करणं ही काय नोकरी, आणि आनंदीला पुढेमागेही इकडे धाडायला नकार दिलात. बहिणीची काळजी भावाला असायचीच. मला राग आला नाही. (आला होता. आता गेला.) कारण दादा, आमच्या कॉलेजने रमजानचा फुटबॉल चषक जिंकला, आणि तो तुमच्या मेहुण्यामुळे!

मी मुळात इथला स्टोअरकीपर. आधीचा असिस्टंट कोच सोडून गेला तेव्हा चेंडूंच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, एवढ्या पात्रतेवर मला त्याच्या जागी उभं केलं. (जन्मात कबड्डीखेरीज काही खेळलो नाही, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.) तीन वर्षं आम्ही नेमाने हरलो. यंदा हेड कोच यूसुफ यांनी बजावलं, हरलात तर असिस्टंटची जागाच बंद. जागा कायम झाली तरच फॅमिली व्हिसा, नाहीतर आनंदी जन्मभर तुमच्याकडे.

तरी कसे कोण जाणे, फायनलपर्यंत पोचलो. सामना संध्याकाळचा, दोन्ही संघांना दिवसभराचा रोजा. हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे, आणि तेवढ्यात सूर्य बुडून मगरिबची, म्हणजे रोजा सोडायची बांग झाली. कुणा दिलदार गृहस्थाने दोन्ही संघांना मटण-भाताच्या पराती धाडलेल्या. समोरचे तुटून पडले. आमची पोरं हात घालणार, तोच मी आमची परात उचलून पळालो (कबड्डी कामी आली). यूसुफ लालबुंद! त्यांना हिंदी चांगलं कळतं, म्हणून धीर करून म्हटलं, "कोच, हमारे घर में एकादशी छोड़ते हैं, तो पहले पेट को खबर देते हैं। खाना मॅच के बाद." आणि पोरांना तीन-तीन खजूर आणि आनंदीने बांधून दिलेल्या कोकमाच्या आगळाचं मीठ-जिरं घातलेलं पाणी पाजलं, बादलीभर.

पुढे काय सांगू! समोरचे पोटावर हात ठेवून चालत होते. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकला तो टेकलाच. आम्ही तीन गोल मारले. यूसुफनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली आणि मी ढसाढसा रडलो. सांगायला लाज कसली? जागा कायम झाली.

तुमचा विजयी मेहुणा,
हरिश्चंद्र

ता. क. व्हिसाचे कागद सोबत आहेत. आता तरी पाठवा तिला, दादा. फ्लॅट दोन खोल्यांचा आहे, समुद्र लांब नाही.

ता. क. आगळ संपलं. यूसुफ रोज विचारतात, बनवणारी कधी येणार?

ता. क. नावाला जागून एक सांगतो. संघाचा फोटो धाडतोय, त्यात मला शोधू नका. चषक यूसुफच्या हातात आहे. डाव्या कडेला बादली धरलेलं नुसतं एक कोपर आलंय, ते माझं. तुम्हाला पटायचं नाही, पण आनंदी ओळखेल.