रॉक्सीच्या लग्नात माझं डोकं

१४ जानेवारी

मोरी तुंबली. परत! नवरा, लॉय, तिकडे दूर अल्बर्टात कामावर, म्हणजे हात मलाच घालायचा. बाहेर आलं ते भिजलेल्या उंदरासारखं काहीतरी. माझेच केस.

ब्रिन दारात उभी. पंधरा वर्षांची पोर, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"ई! आई, काय आहे ते?"

"तुझी आई," म्हटलं.

हसली. मग थांबली हसायची.

१७ जानेवारी

ग्लेंडाकडे केस कापायला गेले. मागून आरसा दाखवला आणि पटकन काढूनच घेतला. मग कुजबुजत, "ट्रीना, वर जरा विरळ झालंय गं…"

दुकानात आम्ही दोघीच होतो! कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत होती ही?

भांग आता भांग राहिला नाही. रस्ता झालाय. आणि डोक्यावरून गेलेले हनुवटीवर उतरलेत — रोज सकाळी वस्तरा. जिथे हवेत तिथे नाहीत, जिथे नकोत तिथे गर्दी.

२ फेब्रुवारी

दवाखान्यात नवीन डॉक्टर. कोवळा पोरगा. म्हणे, "ताण असेल. वजन जरा कमी करून बघा."

एकोणिसाव्या वर्षापासून हेच. पाळी येत नाही — वजन. हनुवटीवर केस — वजन. मी म्हटलं, मला पीसीओएस आहे, तुमच्याच कागदांत लिहिलंय. त्यात पुरुषी हार्मोन वाढतात आणि डोक्यावरचे केस जातात, हे मला ठाऊक आहे. रक्त तपासा. थायरॉइड, लोह, हार्मोन, सगळं. आणि सेंट जॉन्स शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी द्या. तोवर मी या खुर्चीतून उठत नाही.

"बाहेर माणसं खोळंबलीत हो."

"अर्धी माझ्या नात्यातली आहेत. थांबतील."

चिठ्ठी मिळाली!

११ मार्च

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे कुणीतरी आयत्या वेळी गळालं, त्यांची वेळ मला मिळाली. बेटावरून पहिल्या बोटीने निघाले. रोज याच बोटीवर कामाला असते, आज मी नुसती प्रवासी! गाड्या लावायला दुसरं कुणीतरी. वाकड्या लावल्या. बोलले नाही.

डॉक्टर व्हेलन. साठीच्या, हात गार. डोक्यावर भिंग धरून बराच वेळ बघत होत्या. मला शरमायला होईल असं वाटलं होतं. झालं नाही. मेकॅनिक इंजिन बघतो तसं बघत होत्या.

"मुळं मेलेली नाहीत," म्हणाल्या. "आकसलीत. पुरुषांचं टक्कल पडतं त्याच वाटेने." डोक्याला रोज लावायचा फेस दिला, मिनॉक्सिडिल. आणि पुरुषी हार्मोनचा जोर मोडायला स्पायरोनोलॅक्टोनची गोळी. रक्तदाब बघत राहायचा, रक्तही तपासायचं. "आणि ही चालू असताना दिवस राहता कामा नयेत. बाळाला धोका असतो."

"दुकान कधीच बंद केलंय, डॉक्टर. नळ्या बांधून!"

खळखळून हसल्या. मग लगेच गंभीर. "सुरुवातीला आणखी गळतील. घाबरून सोडून देऊ नका. निदान सहा महिने. आणि सगळे परत येतील असं मी म्हणणार नाही. आहेत ते टिकतील, थोडे नवे येतील. तेवढंच."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ बोललं माझ्याशी. परतीच्या वाटेवर गाडीत रडले. वाईट वाटून नाही.

१३ मार्च

फेसाच्या डब्यावर टकल्या पुरुषाचं चित्र. औषधवाल्याची मुलगी विचारते, "नवऱ्यासाठी का?"

"नवऱ्याला ढीगभर आहेत. मला."

बिचारी लाल झाली. मी नाही झाले.

२१ मार्च

या गोळीने सारखी लघवीला लागते, हे व्हेलनबाईंनी सांगितलं होतं. बोटीवर एकच संडास आणि तोही कॅप्टन क्लेटसच्या केबिनला चिकटून, हे त्यांना कुठे माहीत!

९ एप्रिल

आणखी गळतील म्हणून सांगितलं होतं, तरीही. उशीवर. टॉवेलवर. आज लोण्यात.

सोडणार नाही.

२० एप्रिल

रविवारचं जेवण आईकडे. खारं मांस, कोबी, शलगम. धाकटी बहीण रॉक्सी सेंट जॉन्सहून आली होती. लग्न ऑगस्टात, इथेच, बेटावरच्या चर्चमध्ये. मी पाठराखीण. छान चाललं होतं. मग फोन पुढे केला. त्यात विगचा फोटो.

"फक्त फोटोंपुरता गं."

"कुणासाठी?"

"तुझ्याचसाठी! लोक बघतील, बोलतील —"

"बघू देत. मला रोज बघतात. सगळं बेट माझ्या बोटीवरून जातं."

"लग्न माझं आहे, ट्रीना! एक दिवस तरी सगळ्यांनी माझ्याकडे बघावं की तुझ्या टाळूकडे?"

आईने डब्यातल्या दुधाचा चहा पुढे सरकवला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाय माझी."

एका दिवसाचा! ब्रिनला म्हटलं, कोट घाल. जेवण अर्धं टाकून निघालो.

१६ मे

आईने विग मागवलाच. खोकं दाराशी ठेवून पळाली.

घालून बघितला. खरं लिहिते, इथे कुणापुढे नाटक करायचंय? सुंदर दिसत होते. तपकिरी, दाट, कपाळावर झुलपं. दहा वर्षं मागे गेले. तसाच घालून दुकानात गेले. एका माणसाने माझ्यासाठी दार धरलं. इतक्या दिवसांत धरलं नव्हतं कुणी.

घरी येऊन काढला आणि आरशात जी दिसली, तिचा राग आला. तिचा! तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

विग वाईट नाही. ज्यांना हवा त्यांनी खुशाल घालावा. पण तो मला माझ्याविरुद्ध उभं करतो. आणि "घाल" म्हणून सांगितलं की तर नाहीच.

७ जून

लॉय तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलाय. त्याच्या केस कापायच्या मशीनवर माझा डोळा होताच. म्हटलं, भादर माझं डोकं. त्याने मशीन पाठीमागे लपवलं. "मी नाही बाबा. उद्या भांडलीस तर मलाच ऐकवशील."

ब्रिनने मशीन त्याच्या हातातून घेतलं. "बस, आई."

मागल्या पायरीवर बसले. वारा होता, केस कापले की उडून जायचे. झाडायचीही गरज नाही! पोरीचा हात एकदम स्थिर. कानामागे आल्यावर हळूच कान वाकवला, मी ती लहान असताना तिचा वाकवायचे तसा.

डोकं हलकं झालं. खरोखर. वजन कमी करा म्हणत होता ना तो पोरगा? घ्या!

लॉय बघतच राहिला. मग म्हणाला, "तुझे डोळे एवढे मोठे होते?"

१० जून

आईने माझ्या डोक्याचा फोटो रॉक्सीला पाठवला असणार. तिचा फोन आला. मुद्दाम केलंस. माझा दिवस नासवायला केलंस. पाठराखीण म्हणून येऊ नकोस, पाहुणी म्हणून ये — आलीच तर.

म्हटलं, ठीक आहे.

ठीक नाहीये. लहानपणी वादळात माझ्या पांघरुणात शिरायची ती.

३ ऑगस्ट

लग्नाच्या दिवशीची बोटीवरच्या कामाची पाळी मागून घेतली. कॅप्टन क्लेटस म्हणाला, "वेडी की काय तू? सख्ख्या बहिणीचं लग्न!"

"तिला बेटावर आणेल कोण? तुम्ही एकटे?"

आई फोनवर रडली. रडू दे.

१६ ऑगस्ट

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

अकराची बोट. वारा असा की बोलणं तोंडातच परत ढकलत होता. पाहुण्यांच्या गाड्या लावल्या. सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे, मग बुटांकडे, मग समुद्राकडे. शेवटी रिबिनी लावलेली पांढरी गाडी. मी हात केला — डावीकडे, पुढे, आणखी, थांब. नवरी असो नाहीतर राणी, या डेकवर गाडी कुठे उभी राहणार ते मी सांगते.

इंजिन बंद. दार उघडलं. रॉक्सी उतरली! पांढरा झगा वाऱ्यावर, तासभर बसून केलेला केसांचा मनोरा क्षणात पार विस्कटला. हाताने धरायला गेली, जमेना. माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यावर हलायला काही नव्हतंच.

आधी हसली. मग रडायला लागली. मग दोन्ही एकदम.

"तुझा ड्रेस मागच्या सीटवर आहे," म्हणाली. "सकाळपासून गाडीत ठेवू की नको ठेवू, बोलावू की नको बोलावू… ट्रीना, मला तुझ्याशिवाय चालता येणार नाही आत. पाय उचलत नाहीयेत."

"माझी पाळी आहे."

वरून भोंग्यातून क्लेटसचा आवाज — सगळ्या बोटीला ऐकू गेला — "पाळी गेली खड्ड्यात! जा!"

संडासात ड्रेस चढवला. बूट बदलायला दुसरे नव्हते. चर्चमध्ये रॉक्सीच्या पुढे चालत गेले मी, निळा झगा, रबरी बूट, भादरलेलं डोकं. कुजबुज झालीच. झाली तर झाली. आई पहिल्या रांगेत होती. मी जवळून गेले तशी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. तिच्या मांजरावरून फिरवते तसा फिरवला.

"मऊ आहे की गं," म्हणाली. एवढंच.

१२ सप्टेंबर

व्हेलनबाईंनी भिंगातून दाखवलं. कपाळाजवळ बारीक, कोवळे, नवे. थोडेच. वर टाळूवर अजून मोकळंच. गोळी चालू, फेस चालू. गळती थांबलीय. वाढवायचे की पुन्हा कापायचे, ते आता मी ठरवणार. केसांनी नाही.

३० सप्टेंबर

शाळा सुटल्यावर ब्रिन चारच्या बोटीवर चढली. मी गाड्या लावत होते. रांगेत अर्धं बेट. तिथूनच ओरडली, "आई, पाच महिने मला पाळी आली नाहीये. हनुवटीवर केसपण येतायत. तुझंच झालंय मलाही. डॉक्टरकडे कधी जायचं?"

मी पुढची गाडी हाताने थांबवली. तिच्या वयाची असताना मी हे चार वर्षं सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं.

तिने आवाजसुद्धा खाली घेतला नाही.