न हलणारी जागा

इतवारी, नागपूर
मार्च १९७९

बाबा,

दिवाळीत तुम्ही विचारलं होतं, "तिथं तू बसते कुठं वं?" तेव्हा मी खूप कुरकुरली. पदवीनंतरचा आमचा डिझाइनचा वर्ग म्हणजे भांड्यांच्या दुकानावरचा एक हॉल. साऱ्या टेबलांले चाकं. सकाळी लेक्चर, दुपारी मोहल्ल्यातल्या लोकांशी चर्चा, संध्याकाळी मॉडेलं. दर वेळी टेबलं ढकला. सर म्हणतात, संशोधनाची जागा अशीच मोकळी पाहिजे. मी मात्र ढकलून ढकलून दमून गेली.

या महिन्यात विणकराच्या घराचा नकाशा काढायचा होता. मी आपलंच उमरेडचं घर काढलं. बाकी सारं हलतं ठेवलं, फक्त मधोमध मागाचा खड्डा पक्का, अन् त्यात पाय सोडून बसलेले तुम्ही. सरांले तो खड्डाच आवडला. नकाशा भिंतीवर लागला.

काल उमरेडहून ईश्वरदासकाका तुमचा निरोप घेऊन आले: "माग विकून टाकला. खड्डा बुजवून फरशी टाकली. आता तुह्यं टेबल तिथं ठेवजो, पोरी. कोणीच हलवणार नाही."

काकांसमोर मी हसली. हे पत्र काही माझ्याच्यानं धाडवत नाही.

बाबा, आता तुम्ही कुठं बसता?

तुमची
अनुसया