तीस निळ्या वाट्या

१६ जानेवारी २००९, शुक्रवार

वाटी! निळ्या नक्षीची, हातानं रंगवलेली. आणि तीही संक्रांतीचं वाण म्हणून! दुबईत अल मनखूलमधल्या आम्ही बाकीच्या बायका प्लॅस्टिकचे डबे लुटतो, आणि विभावरी थेट तुर्कस्तानातल्या वाट्या लुटते.

नाताळच्या सुट्टीत ती, चारुदत्त आणि लेक ईशानी तिकडे जाऊन आले. समुद्रकाठचं कुठलंसं गाव. "अगं, तिथे दुकानदार आधी सफरचंदाचा चहा पाजतात, मग माल दाखवतात." हे तीनदा सांगून झालं. सगळ्या आ वासून ऐकत होत्या. मीही. जळून खाक झाले, इथे तरी खोटं कशाला लिहू!

तिच्या हातात नेहमीच्या पाटल्या मात्र नव्हत्या. आता नुसतं नाजूक घड्याळच बरं वाटतं म्हणे. नखरे!

१७ जानेवारी

धनंजयला म्हटलं, लोकांचे नवरे मंदीतही बायकोला तुर्कस्तान दाखवतात. पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "नोकरी आहे, त्यात सुख मान."

वाटी घासली. बुडाला काहीतरी खरवडल्याची चिकट खूण आहे. जाता जात नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज माझ्यासारखी सुखी बाई नाही!

समुद्रावर म्हणून फुजैराला गेलो होतो. परतताना तुर्की वस्तूंचं एक दुकान दिसलं. रंगीत काचांचे दिवे, दृष्ट लागू नये म्हणून टांगायचे निळे डोळे, कमरेत बारीक चहाचे ग्लास — आणि त्याच वाट्या! ढीगच्या ढीग! बुडाला दुकानाचा गोल स्टिकर, त्यावर ठसठशीत 'फुजैरा'. दुकानदार तय्यबभाईंनी आधी चहा पुढे केला. सफरचंदाचा! मी वाटी उलटीसुलटी करत होते, तर म्हणाले, "पिछले महीने एक मराठी मॅडम तीस पीस ले गई. साथ में साब और छोटी बच्ची. दो दिन इधर ही होटल में रुके थे."

तुर्कस्तान म्हणे! दोन तासांवरचं फुजैरा!

मीही तीस घेतल्या. पुढच्या शुक्रवारी माझं हळदीकुंकू आहे. वाण हेच — स्टिकरसकट. मी चकार शब्द बोलणार नाही. बायका वाटी उलटून बघतातच. धनंजय म्हणाला, "एवढ्या कशाला गं?" त्याला काय कळतंय.

२८ जानेवारी

विभावरीचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आणून भाजी निवडतानाही हसू येतं.

३० जानेवारी, शुक्रवार

विभावरी तासभर आधीच हजर, मदतीला. मी बोलावलं नव्हतं. पदर खोचून तिळगुळाच्या पुड्या बांधायला बसली. ईशानी माझ्या मागेमागे स्वयंपाकघरात. मी खोकं उघडत होते. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, पपा कुठेत?

"ॲट होम. ही इज ऑल्वेज ॲट होम नाऊ. मम्मा सेड डोन्ट टेल."

मग खोक्यात डोकावली. "ओह, वुई हॅव दीज टू!"

बाहेर विभावरी पुड्या बांधत होती. तिचं ते मोकळं मनगट. मला पाटल्या आठवल्या. इतकी कशी मी आंधळी! नखरे म्हणून मोकळी झाले होते.

खोकं पलंगाखाली ढकललं. माळ्यावर जादाच्या चहाच्या गाळण्या होत्या, त्या लुटल्या. विभावरी म्हणाली, "बरं झालं, रोज उपयोगी पडेल." टोमणा होता की मनापासून, कळलं नाही. राग मात्र आला. तीस वाट्या ठेवू कुठे आता?

११ मार्च

विभावरी गेली. बिऱ्हाडासकट, नाशिकला. "चारुला तिकडे मोठी ऑफर आलीय," म्हणाली. मी अभिनंदन केलं. तिनं मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

१४ जानेवारी २०१०, चिंचवड

धनंजयची नोकरी जाऊन सहा महिने झाले. सासूबाईंकडे राहतोय. आज इथलं पहिलं हळदीकुंकू.

सकाळी बसून तीसही वाट्यांचे स्टिकर काढले. खोबरेल लावलं की चिकट खूण राहत नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या समिधानं वाटी हातात फिरवली. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. "तुर्कस्तानला जाऊन आलात?"

हो म्हटलं. तिथे दुकानदार आधी सफरचंदाचा चहा पाजतात, हेही सांगितलं.