नुसते ओठ

शुक्रवार, २ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. यांचा गुडघा कुरकुरतो, पण जिन्यात कुरकुर त्यांचीच जास्त ऐकू येते. माझी शाळा नेहमीसारखी चालू आहे.

नेहमीसारखी म्हणजे, थोडा बदल झालाय. सकाळची मिनिटभराची शांतता आठवते तुला? घंटा झाली की डोळे मिटायचे आणि ज्याने त्याने आपल्या देवाशी मनात बोलायचं. देव नसेल त्याने नुसतं उभं राहायचं. अर्धी शाळा तर गणिताचा पेपर सोपा जावा म्हणूनच डोळे मिटायची. कोण कुणाकडे काय मागतंय, कळायचं नाही.

ती बंद झाली. आता सगळ्यांची एकच प्रार्थना, मोठ्याने. आपली नाही. "देश एक, मग प्रार्थना वेगवेगळ्या कशाला, बाई?" नवे मुख्याध्यापक म्हणाले. आवाज न चढवता, चहा पुढे सरकवत. आम्हा शिक्षकांनी रांगांमधून फिरून मुलांचे ओठ बघायचे.

माझ्या लेकीच्या, चिमणीच्या आवाजात आपल्या आईची जेवणाआधीची प्रार्थना तू मागितली होतीस. मी पाठवते पाठवते म्हणत राहिले. फोनवर सांगवलं नसतं, म्हणून लिहितेय.

नव्या प्रार्थनेच्या पहिल्याच आठवड्यात शाळेत तिला रांगेबाहेर उभं केलं. ओठ मिटलेले होते. मुली विचारत होत्या, "तू आपल्यातली नाहीस का गं?" त्या संध्याकाळी मी तिला आरशासमोर बसवून शिकवलं. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. हुशार आहे, लगेच जमलं. आता तिला कुणी काही बोलत नाही. मलाही.

रविवारी रेकॉर्ड करायला बसलो. ती डोळे मिटून उभी राहिली. ओठ हलत राहिले. यांना वाटलं, फोनच बिघडला.

"अगं, मोठ्याने म्हण. आपल्याच घरात आहोत."

तिने आधी खिडकी लावली. मग पुन्हा तसंच. संपल्यावर मला म्हणाली, "आई, बरोबर हलवले ना?"

ते रेकॉर्डिंग मी पुसलं नाही, तुला पाठवतेय. त्यात पंखा आहे, मध्येच यांचा खोकला. बाकी जे ऐकू येत नाही, ते चिमणीचं.

तुझ्याकडे अजून मोठ्याने म्हणता येत असेल, तर आमच्या वाटचंही म्हण.

तुझी,
धाकटी