मनीरामदाजूंच्या छातीवरच्या तारा

आरोग्य चौकी, ओखरबोट
२० मंसिर

तिलकजी,

नमस्कार. तुमच्या घरी सगळे बरे आहेत. हे वाक्य आधी पुरतं वाचा, मग पुढचं वाचा.

१. शनिवारी सकाळी लाकडं फोडताना तुमच्या थोरल्या भावाच्या, मनीरामदाजूंच्या छातीत धडधड सुरू झाली. घाम आला. त्यांना टोपलीत बसवून, पाठीवर घेऊन चौकीत आणलं.
२. मी छातीवर तारा लावल्या. आलेख पोखऱ्याला डॉ. उपमा श्रेष्ठांच्या पडद्यावर गेला. झटका नव्हता, ठोक्यांची लय बिघडली होती.
३. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दिली. दुपारपर्यंत लय जागेवर आली. डॉक्टरांना थंडी संपेपर्यंत दाजूंचा आलेख दर आठवड्याला हवा आहे.
४. मी तारा काढत असताना दाजूंनी विचारलं, आमच्या तिलकला लग्नाला 'नाही' का म्हणालीस?

चौथ्या मुद्द्याचं सविस्तर लिहिते.

चौकीत एकांत कसला, तुम्हाला माहीत आहे. रुग्णाबरोबर निम्मा गाव आत येतो आणि पडद्यावर डॉक्टर दिसल्या की त्यांनाही चहा घेणार का विचारतो. मी म्हटलं, आत्ता बोलू नका, पडून राहा. तर दाजू म्हणाले, "पोरी, आज माझं काळीज अख्ख्या पोखऱ्यानं बघितलं. तू तुझं किती झाकून ठेवणार?"

मग मी सांगितलं. तुमच्याशी लग्न झालं की दाजू माझे थोरले दीर होतील, आणि थोरल्या दिराला धाकट्या भावाच्या बायकोचा हात लागायचा नाही. नुसते तेच नाहीत, तुमच्या गर्बुजा कुळातले तुमच्याहून मोठे सगळे पुरुष त्यात आले. म्हणजे अख्खी खालची आळी. तारा लावायला इथे मी एकटी. फागुनात तुम्ही मला विचारलंत, तेव्हा दाजूंना चढावर दम लागायला लागला होता. घरी सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी तुम्हाला कारण न देता नाही म्हटलं आणि तुम्ही बोगद्याच्या कामावर निघून गेलात.

तिकडचा आवाज गेला का, असं डॉक्टरांनी पडद्यातून विचारलं.

दाजूंच्या उशाशी बसलेल्या तुमच्या वहिनी उठल्या. कानातलं सोन्याचं काढून त्यांनी पाण्याच्या तांब्यात टाकलं.

"हात लागला तर सोनपाणी शिंपडून मोकळं व्हायचं, हा काय आज निघालेला रिवाज आहे? हा तांब्या इथंच राहील," त्या म्हणाल्या, आणि दाजूंवर पाणी शिंपडूनच दाखवलं.

"म्हणजे दर आठवड्याला आंघोळ," दाजू म्हणाले.

"तुम्हाला त्यालाही निमित्तच लागतं."

पाणी यंत्रापासून लांब ठेवा, बाकी माझी हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी यंत्र समोरच्या भिंतीकडे हलवलं. तांब्या खिडकीत आहे.

रविवारी तुमच्या कुळातले तिघं जण, कुठे काही दुखत नसताना, आलेख काढून घ्यायला आले. म्हणे, लग्न झाल्यावर भिजावं लागेल, त्याआधी कोरड्यानं उरकून घेऊ. मी हसले. जुनमाया हसते, ही बातमी संध्याकाळपर्यंत वरच्या आळीत पोहोचली होती.

ही अडचण नसती तर फागुनात मी काय म्हटलं असतं, हे मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. तुम्हाला सांगते. मी हो म्हटलं असतं. तेव्हाही, आणि आजही.

तुमचं मन बदललं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. दाजूंचा आलेख मी काढतच राहीन, त्याचा याच्याशी संबंध नाही.

खेचरांचा तांडा पुढच्या महिन्यात, ५ पुसला, बोगद्यावरून वर गावाकडे निघतो. त्या दिवशी तुमचं उत्तर तांडेवाल्याकडे द्या.

हे सगळं विचार करूनच लिहिलं आहे,
तुमची,
जुनमाया पुन