सेनापतीची तलवार

२ नोव्हेंबर
तलवार आली. मध्ययुगीन तलवारीची प्रतिकृती, पण चकाकी स्टीलच्या ताटाची आणि मूठ सोनेरी प्लॅस्टिकची. कॉलेजच्या नाटकात लेक सेनापती आहे. शेवटच्या प्रवेशात ती तलवार उपसते, लांबलचक भाषण करते आणि पळणारं सैन्य माघारी वळवते. बाबा, अशीच चालेल, म्हणाली. मला चालणार नाही. मुठीला चामडं, लाकडी म्यान, सगळं घरी करणार. नाटक २३ ला. भरपूर वेळ आहे.

५ नोव्हेंबर
मुठीचा सोनेरी रंग खरवडला. खाली काळा निघाला. तोही खरवडला. खाली पांढरा. कुठे थांबायचं हे आधी ठरवायला हवं होतं का? हवं होतं. पण चामड्याखाली कोण बघणार! चामड्यासाठी बायकोची जुनी पर्स कापली. ती म्हणते जुनी नव्हती, आवडती होती. माझ्या मते दोन्ही असू शकते. हे मोठ्याने बोललो, ती चूक.

९ नोव्हेंबर
दोन फळ्या आतून कोरून एकमेकींना चिकटवल्या. म्यान झालं! पण तलवार आत डब्यातल्या चमच्यासारखी वाजते. आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर लावलं. बायको म्हणाली, थोडं सैल राहू दे रे. म्हटलं, हे म्यान आहे, गाऊन नव्हे. ऑफिसात मी दिवसभर इतरांच्या कामातली ढिलाई पकडतो, ती घरी कशी खपवून घेऊ?

१३ नोव्हेंबर
म्यानावर ओलं चामडं ताणून शिवलं. कडांना गोंद. वाळताना लाकूड वाकू नये म्हणून तलवार आतच ठेवायची. ज्या व्हिडिओवरून मी हे करतोय, त्यातला माणूस आधी पात्याला प्लॅस्टिक गुंडाळतो. मी गुंडाळलं नाही. प्लॅस्टिकच्या जाडीने माप बिघडलं असतं. या बाबतीत तो जरा निष्काळजी वाटला.

१५ नोव्हेंबर, सकाळी
म्यान वाळलं. अप्रतिम! तलवार निघत नाही. म्हणजे माप अचूक आलं आहे.

सायंकाळी
लेकीने ओढून पाहिली. मग तिने म्यान धरलं, मी मूठ. मग बायकोने लेकीला धरलं. तिघंही सोफ्यावर. तलवार जागची हलली नाही.

१६ नोव्हेंबर
तेल सोडलं. अस्तराने पिऊन टाकलं. हेअर ड्रायर लावला, चामडं आणखी आवळलं. बायको म्हणाली, म्यान फाडून काढ. इतकं सुंदर म्यान? ती म्हणाली, तुला म्यान हवंय की मुलीला तलवार? प्रश्न रास्त आहे. दिवसभर प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर आलं नाही.

१९ नोव्हेंबर
शेवटचा जोर लावला. मूठ हातात आली. फक्त मूठ. गोंदाने पुन्हा बसवली, आता दिसायला निर्दोष. लेक रडली नाही. रडली असती तर समजूत तरी घालता आली असती. म्हणाली, असू दे बाबा. आणि तालमीला फूटपट्टी घेऊन गेली.

२० नोव्हेंबर
दिग्दर्शक बाईंचा फोन. कॉलेजच्या दोन्ही तलवारी शत्रूकडे आहेत आणि सेनापतीने फूटपट्टी उपसलेली त्यांना पटत नाही. म्हणून शेवट बदलला आहे. आता सेनापती शरण जाते आणि म्यानासकट तलवार शत्रूच्या राजाच्या हाती देते. भाषण कापलं. लेक ते महिनाभर आंघोळ करतानाही म्हणत होती. मी म्हटलं, स्वतः येऊन सैन्याला परिस्थिती समजावून सांगू का? बाई नको म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

आज बाथरूममधून फक्त पाण्याचा आवाज.

२३ नोव्हेंबर
नाटक झालं. म्यान प्रकाशात उत्तम दिसत होतं, एवढी नोंद करायला हरकत नसावी. लेक गुडघ्यावर बसली, तलवार पुढे केली. राजा झालेल्या मुलाने ती घेतली आणि सवयीने उपसायला गेला. निघेना. त्याने पाय रोवले. प्रेक्षकांत खसखस. एवढ्यात लेक उठली, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. त्याने लगेच तलवार छातीशी धरली आणि मान लववली. टाळ्या पडल्या. बहुधा बाईंनी ऐन वेळी घातलेला संवाद असावा, असं मी बायकोला सांगितलं.

घरी लेक आरशासमोर चिकटवलेल्या मिशा काढत होती. विचारलं, काय म्हणालीस त्याला?

म्हणाली, ओढू नकोस, माझ्या बाबांनी केलीय.